ठासणीच्या बंदुकीसाठी गोळी निवडताना: व्हाइटटेल हरणाच्या शिकारीचं सविस्तर मार्गदर्शन

ठासणीच्या बंदुकीत एकच बार असतो. तो नीट बसला नाही, तर दारू मोजून, गोळी ठासून, ठिणगी देणारी टोपी चढवून दुसरा भरेपर्यंत जखमी हरीण झाडीत कधीच दिसेनासं झालेलं असतं. म्हणून त्या एका गोळीची बनावट समजून घेण्यात घालवलेला वेळ कधीच वाया जात नाही. दुकानात गेलं की मात्र गोंधळ उडतो. शिशाचे गोल गोळे, शंकूच्या आकाराच्या जाड गोळ्या, रंगीत टोकाच्या गोळ्या, प्लास्टिकच्या टोपणात बसवलेल्या पिस्तुलाच्या गोळ्या आणि निव्वळ तांब्याच्या गोळ्या एकाच फळीवर मांडलेल्या असतात, आणि प्रत्येक पाकिटावर हरणाचंच चित्र असतं.

हा लेख अमेरिकेतल्या शिकारीबद्दल आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणांच्या शिकारीला बंदी आहे, आणि कोकणात शेतीसंरक्षणासाठी परवान्याने बाळगलेल्या ठासणीच्या बंदुकांनाही ती बंदी तितकीच लागू आहे. अमेरिकेत गोष्ट वेगळी. तिथे बहुतेक राज्यं हरणांच्या संख्येचा अंदाज घेऊन परवाने देतात आणि ठासणीच्या बंदुकांसाठी, म्हणजे मझललोडरसाठी, स्वतंत्र हंगाम ठेवतात. तिथे स्थायिक झालेल्या ज्या मराठी मंडळींनी हंटर एज्युकेशनचा वर्ग पुरा केला आहे आणि पहिल्या हंगामाच्या तयारीत आहेत, त्यांना डोळ्यांपुढे ठेवून मी हे लिहितो आहे. व्हिसावर राहणाऱ्यांनी बंदूक हातात घेण्याआधी संघराज्याचा आणि आपल्या राज्याचा कायदा जाणकार वकिलाकडून समजून घ्यावा. ठासणीच्या बंदुकीला अनेक ठिकाणी वेगळे नियम लागतात, पण ते सगळीकडे सारखे नाहीत.

माझं सांगणं थोडक्यात असं: गोळी निवडताना ती नळीतून किती वेगाने सुटते यापेक्षा हरणापर्यंत पोचताना तिच्यात किती वेग उरतो, हे आधी पाहा. प्रत्येक बनावट एका ठरावीक वेगाच्या पट्ट्यात चांगलं काम करते. पट्ट्याच्या वर गेलं की गोळी फुटते, खाली आलं की ती फुलतच नाही, म्हणजे लागल्यावर पसरून रुंद होत नाही.

पायरी १: राज्याची नियमपुस्तिका

गोळी विकत घेण्याआधी त्या वर्षीची शिकारीची नियमपुस्तिका वाचा. मागच्या वर्षीची चालणार नाही, कारण नियम बदलतात. कोलोरॅडोत मझललोडरच्या खास हंगामात सॅबो, म्हणजे गोळीभोवतीचं प्लास्टिकचं टोपण, वापरता येत नाही. शंकूगोळीची लांबी तिच्या व्यासाच्या दुपटीहून जास्त असलेली चालत नाही आणि दारूही सुटीच वापरावी लागते, तयार वड्या चालत नाहीत. म्हणजे बाजारातला निम्मा माल तिथे आपोआप बाद होतो. आयडाहोतही खास हंगामात सॅबोला मनाई आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून बंदुकीने कुठलाही वन्यप्राणी मारताना शिसंविरहित गोळीच वापरावी लागते आणि ठासणीची बंदूक त्याला अपवाद नाही. या नियमाचं मूळ कॅलिफोर्निया कॉन्डॉर या गिधाडात आहे. शिकाऱ्यांनी मागे सोडलेल्या आतड्यांतले शिशाचे कण खाऊन हे पक्षी मरत होते. पेनसिल्व्हेनियात १९७४ पासून चकमकीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम आहे आणि नाताळानंतरच्या थंडीत आजही लोक दगडाच्या ठिणगीवर बार काढतात.

तुमच्या राज्यात काय चालतं हे कळलं की पुढची तुलना निम्म्याने सोपी होते.

पायरी २: नळीचा पीळ ओळखा

नळीच्या आत कोरलेल्या पिळामुळे गोळी स्वतःभोवती फिरते आणि सरळ जाते. हा पीळ किती घट्ट आहे त्यावर नळीला कोणती गोळी मानवेल ते ठरतं. गोल गोळ्याला सैल पीळ पुरतो, साधारण ६६ इंचांत एक फेरा. लांब गोळीला घट्ट पीळ लागतो. हल्लीच्या इनलाइन बंदुकांत, म्हणजे ज्यांत टोपी नळीच्या सरळ रेषेत मागे बसते अशा बंदुकांत, बहुधा २८ इंचांत एक फेरा असतो. १९८५ मध्ये टोनी नाइट यांची एमके-८५ ही इनलाइन बंदूक आली, तिच्यानंतर हा प्रकार झपाट्याने पसरला. या दोन टोकांच्या मध्ये ४८ इंचांत एक फेरा असलेल्या जुन्या धाटणीच्या बंदुका येतात. त्या कपड्यात गुंडाळलेला गोळाही सांभाळतात आणि आखूड शंकूगोळीही, पण लांब सॅबोगोळी त्यांना सहसा झेपत नाही.

पीळ नळीवर कोरलेला नसेल तर घरी मोजता येतो. बंदूक रिकामी आहे याची खात्री करा. मूठ मोकळी फिरणाऱ्या सफाईच्या गजाला घट्ट बसणारी चिंधी लावून तो तळापर्यंत सरकवा. गजावर नळीच्या तोंडाशी एक आडवी खूण करा आणि वरच्या बाजूला एक उभी रेघ मारा. आता गज सावकाश बाहेर ओढा. उभी रेघ पाव फेरा फिरली की थांबा आणि गज किती इंच बाहेर आला ते मोजा. त्या आकड्याची चौपट म्हणजे तुमच्या नळीचा पीळ.

पायरी ३: पोचतानाचा वेग काढा

बहुतेक लोक ही पायरी गाळतात, म्हणून इथे जरा थांबू.

५० कॅलिबरच्या, म्हणजे अर्धा इंच रुंद नळीच्या, बंदुकीत १०० ग्रेन काळी दारू किंवा तिचा पर्याय भरून २५० ग्रेनची टोकदार सॅबोगोळी सोडली, तर ती नळीतून साधारण १९५० फूट प्रति सेकंद वेगाने निघते. (दारूचे हे ग्रेन मापाने मोजायचे असतात, वजनाने नव्हे. गोळीचे ग्रेन मात्र वजनाचे. ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड, तेव्हा २५० ग्रेन म्हणजे सुमारे १६ ग्रॅम.) हीच गोळी १०० यार्डांवर सुमारे १६२० वर येते, २०० यार्डांवर सुमारे १३५० वर. दारू कमी करून सुरुवातच १६०० ने केली, तर १०० यार्डांवर १३०० च्या आसपास वेग उरतो. म्हणजे कमी दारूचा १०० यार्डांचा बार आणि भरपूर दारूचा २०० यार्डांचा बार, हरणाच्या बाजूने पाहिलं तर जवळपास एकसारखेच.

गोल गोळ्याची गोष्ट याहून टोकाची. ५० कॅलिबरमधला ०.४९० इंच व्यासाचा गोळा सुमारे १७७ ग्रेनचा असतो. तो १८०० ने निघाला तरी १०० यार्डांपर्यंत त्याचा जवळजवळ ४० टक्के वेग हवेतच जातो. सुटताना त्याच्यात साडेबाराशे फूट-पौंडांहून जास्त ऊर्जा असते, पोचताना ती साडेचारशेच्या घरात येते. तरीही पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्याने हरणं मारली आहेत. हरणासाठी अमुक हजार फूट-पौंड हवेतच, असा नियम सांगणाऱ्यांनी या गोळ्याकडे एकदा पाहावं. ऊर्जेचा आकडा दोन सारख्या गोळ्यांची तुलना करायला उपयोगी पडतो, दोन वेगळ्या बनावटींची तुलना करायला नाही. फुलण्याआधीच अर्धा इंच रुंद असलेला मऊ शिशाचा गोळा हळू जाऊनही रुंद भोक पाडतो. तांब्याची गोळी त्याच वेगात न फुलता सुईसारखी आरपार जाऊ शकते.

तुमच्या बंदुकीचा खरा वेग क्रोनोग्राफवर मोजता आला तर उत्तम. नाही तर पाकिटावरचा बॅलिस्टिक कोइफिशंट, म्हणजे गोळी हवेचा विरोध किती सहज कापते याचा आकडा, घ्या, दारू बनवणाऱ्याच्या तक्त्यातला वेग घ्या, आणि इंटरनेटवरच्या एखाद्या फुकट बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरमध्ये दोन्ही घाला. मग दोन आकडे कागदावर लिहा: तुमच्या मचाणावरून संभवणाऱ्या सगळ्यात जवळच्या बाराचा पोचतानाचा वेग आणि सगळ्यात लांबच्या बाराचा. गोळीला या दोन आकड्यांच्या मधल्या सगळ्या वेगांत काम करायचं आहे. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या दाट जंगलात बहुतेक बार १०० यार्डांच्या आत होतात, कधी तर २० यार्डांवर. तिथे लांब पल्ल्याच्या आकड्यांच्या नादी लागण्यात अर्थ नाही.

पायरी ४: बनावटी शेजारी ठेवून पाहा

चिंधीत गुंडाळलेला गोल गोळा. निव्वळ मऊ शिसं, भोवती तेल किंवा चरबी लावलेलं सुती कापड. कापड पिळात रुतून गोळ्याला फिरवतं आणि नळीबाहेर पडताच गळून पडतं. गोळा हाडावर चपटा होतो, पण वजनाने हलका असल्यामुळे तिरप्या कोनातून फार खोल जात नाही. ५० यार्डांवर नेम बसवला तर १०० वर तो चार-पाच इंच खाली लागतो. सैल पिळाच्या बंदुकीत, ७५ यार्डांच्या आत, हरीण आडवं उभं असताना, बरगड्यांमधून फुप्फुसांत जाणाऱ्या बारासाठी तो पूर्ण भरवशाचा आहे. कापडाची जाडी हीच त्याच्या अचूकतेची किल्ली. झाडलेल्या बाराची चिंधी शोधून काढा. ती फाटली किंवा जळली असेल तर जास्त जाड किंवा जास्त ओलसर कापड घ्या.

अखंड शिशाची शंकूगोळी. फ्रेंच अधिकारी क्लोद-एत्येन मिनिए यांची पोकळ बुडाची गोळी १८४९ च्या सुमाराची. दारूच्या दाबाने तिचं बूड फुगून पिळात बसायचं, त्यामुळे सैन्यात ती भराभर भरता यायची. अमेरिकन यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी तीच वापरली. आजच्या शिकारी शंकूगोळ्या त्याच घराण्यातल्या. ५० कॅलिबरमध्ये त्या ३५० ते ४५० ग्रेनच्या मिळतात. वेग कमी असतो, १३०० ते १४०० च्या आसपास, पण वजनामुळे त्या सरळ आणि खोल जातात. मऊ शिसं हजार फुटांच्या वेगातही फुलतं, म्हणून खालच्या टोकाची चिंता नाही. चिंता असते ती बाकदार मार्गाची आणि खांद्याला बसणाऱ्या धक्क्याची. शिसं मात्र खरोखर मऊ हवं, कठीणपणाच्या ब्रिनेल मोजमापात ५ च्या आसपास. मोटारीच्या चाकांना लावायच्या जुन्या वजनांचं शिसं यासाठी वापरू नका. ते कठीण असतं, नळीत ठासतानाही त्रास देतं आणि फुलतही नाही. सॅबोला मनाई असलेल्या राज्यात घट्ट पिळाची बंदूक असेल तर माझी पहिली पसंती हिलाच.

तांब्याचा मुलामा आणि प्लास्टिकचं बूड असलेली शंकूगोळी. पॉवरबेल्ट हे या प्रकारातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. ती नळीत सहज उतरते, म्हणून नवख्यांना आवडते. मुलामा पातळ असतो, आत मऊ शिसंच. त्यामुळे या गोळीला जास्तीत जास्त दारूवर चालवण्यात शहाणपण नाही. जवळच्या बाराला, हलक्या वजनाची गोळी भरधाव गेली, तर ती खांद्याच्या हाडावरच चपटी होऊ शकते. ८० ते १०० ग्रेन दारू आणि गोळी २९५ ग्रेनच्या आसपास किंवा जड, हा मेळ मला योग्य वाटतो. सहज उतरणारी गोळी नळी खाली धरून चालताना पुढे सरकू शकते, त्यामुळे मचाणावर बसल्यावर गजाने तपासायची सवय हवीच.

सॅबोमधली पिस्तुलाची गोळी. इथे ०.४५२ इंच किंवा ०.४२९-०.४३० इंच व्यासाची जॅकेटवाली, म्हणजे शिशावर तांब्याचं कवच असलेली, पोकळ टोकाची गोळी ५० कॅलिबरच्या टोपणात बसते. हॉर्नडीची एक्सटीपी हे नेहमीचं उदाहरण. ही रचना मुळात हँडगनच्या वेगासाठी केलेली, आणि मझललोडरचा १०० ते १५० यार्डांवरचा वेग बरोबर त्याच पट्ट्यात येतो. म्हणून ती इतकी चांगली चालते. फक्त वजनाकडे लक्ष द्या. २०० ग्रेनची गोळी १५० ग्रेन दारूवर जवळून झाडली तर तिच्याकडून तिच्या घडणीबाहेरचं काम मागितल्यासारखं होतं. ३०० ग्रेनची गोळी १०० ग्रेन दारूवर दोन्ही टोकं सांभाळते. ती स्वस्तही आहे, त्यामुळे सराव आणि शिकार एकाच गोळीने करता येते, आणि हे मला फार मोलाचं वाटतं.

प्लास्टिकच्या टोकाची लांब गोळी. हॉर्नडीची एसएसटी, थॉम्पसन सेंटरची शॉकवेव्ह या जातीच्या. टोकामुळे हवेतला विरोध कमी होतो, आणि हरणाला लागताच तेच टोक मागे सरकून गोळी उघडतं. १०० यार्डांवर नेम लावला तर १५० वर साधारण चार इंच खाली, इतका सपाट मार्ग मिळतो. अडचण जवळच्या बाराची. आतलं शिसं जॅकेटला चिकटवलेलं नसेल तर ३० यार्डांवर खांद्याच्या हाडाशी जॅकेट आणि शिसं वेगळं होण्याची शक्यता राहते. म्हणून याच आकाराच्या बाँडेड गोळ्या मिळतात. त्यांत शिसं जॅकेटला पक्कं जोडलेलं असतं. दोन्ही पाकिटं शेजारी दिसली आणि मचाण दाट झाडीत असेल, तर थोडे जास्त पैसे देऊन बाँडेड घ्या.

आतून भिंत असलेली गोळी. जॉन नॉस्लर यांनी १९४० च्या दशकात पार्टिशन गोळी काढली. तिच्या मधोमध तांब्याची आडवी भिंत असते. पुढचा भाग फुलतो, तुकडेही होतो, पण मागचा अर्धा भाग भिंतीमुळे अखंड राहून पुढे घुसत जातो. मझललोडरच्या सॅबोसाठीही ही रचना २६० ग्रेनमध्ये आली. हरणासाठी ती गरजेपेक्षा जास्तच दणकट आहे. एल्क या कितीतरी मोठ्या हरणाच्या शिकारीलाही जाणाऱ्याने तिचा विचार करावा.

निव्वळ तांब्याची गोळी. रँडी ब्रूक्स यांनी बार्न्स कंपनीत १९८० च्या दशकात ही कल्पना रुजवली. त्यांच्या मझललोडर गोळ्यांच्या टोकाशी खोल पोकळी असते. आत शिरणाऱ्या द्रवाच्या दाबाने ती सहा पाकळ्यांत उलगडते. वजन जवळजवळ सगळं टिकतं, त्यामुळे २५० ग्रेनची तांब्याची गोळी खोली गाठण्यात ३०० ग्रेनच्या शिशाच्या गोळीशी बरोबरी करू शकते. तांबं शिशापेक्षा हलकं असल्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला घट्ट पीळ लागतो. तिचा खालचा टप्पा मात्र काळजीपूर्वक पाहावा लागतो. पाकळ्या उघडायला लागणारा किमान वेग कंपनी देते. तुमच्या लांबच्या बाराचा पोचतानाचा वेग त्याहून १००-२०० फुटांनी तरी जास्त हवा. कमी दारूवर बंदूक वापरणाऱ्यांनी, म्हणजे धक्का सोसत नाही अशा किंवा लहान वयाच्या शिकाऱ्यांनी, तांब्याच्या गोळीने ५०-७५ यार्डांच्या पुढे जाऊ नये. जिथे शिशाला मनाई नाही तिथे त्यांच्यासाठी एक्सटीपी किंवा मऊ शिसं जास्त दयाळू ठरतं, कारण हरीण लवकर पडतं.

पायरी ५: गोळी, सॅबो आणि दारूचा मेळ

एकाच ५० कॅलिबरच्या दोन बंदुकांच्या नळ्या केसभर कमी-जास्त असतात. म्हणून शेजाऱ्याच्या बंदुकीत सुरेख चालणारी गोळी तुमच्या बंदुकीत रुसू शकते. ठासताना दोन्ही हातांनी सावकाश, एकसारख्या जोराने गोळी खाली गेली पाहिजे. हातोडीने ठोकावी लागत असेल तर सॅबो जाड आहे. गजाच्या वजनानेच घसरत असेल तर सैल आहे. सॅबो वेगवेगळ्या जाडीचे मिळतात आणि एक जाडी बदलली की कागदावरच्या भोकांचा गट निम्मा झालेला मी पाहिला आहे. ब्लॅकहॉर्न २०९ ही दारू वापरत असाल तर घट्ट बसणारी गोळी आणि जोरकस २०९ प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) दोन्ही हवेत. दाब नीट चढला नाही तर ती दारू उशिरा पेट घेते.

झाडलेले सॅबो नळीपासून काही यार्डांवर पडलेले सापडतात. ते उचलून बघा. पाकळ्या सारख्या उलटलेल्या आणि बूड अखंड असेल तर मेळ बसला. एखादी पाकळी तुटली असेल, बूड वितळलं किंवा फाटलं असेल, तर दारू दहा ग्रेनने कमी करा किंवा सॅबो बदला. उन्हाळ्यात मैदानावर बारामागून बार काढले की नळी तापते आणि प्लास्टिक मऊ पडतं. अशा वेळी वाईट गटाचा दोष गोळीला देऊ नका, नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबा.

टोकदार गोळी चपट्या गजाने ठासली तर टोक वाकतं. गजाला त्या टोकाच्या आकाराची खोलगट टोपी लावा. ती थोड्या पैशांत मिळते.

सुरक्षिततेच्या बाबतीत कुठलीही सूट नाही. बंदूक धूरविरहित दारूसाठीच (आधुनिक काडतुसांत असते ती) बनवली आहे असं पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर तिच्यात ती दारू चिमूटभरही घालू नका. नळी फुटून माणसं जायबंदी झाली आहेत. बरणीतून थेट नळीत दारू ओतू नका, आधी मापात घ्या. आत एखादी ठिणगी उरली असेल तर अख्खी बरणी हातात पेटेल. गोळी दारूला टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर दाब धोक्याच्या पातळीला जाऊ शकतो. पूर्ण भरलेल्या बाराची खूण गजावर एकदा करून ठेवा, आणि रिकाम्या नळीची दुसरी. मग बंदूक भरलेली आहे की नाही हे कधीही दोन सेकंदांत कळतं.

पायरी ६: कागदावर आणि पाण्यावर चाचणी

दोन किंवा तीन गोळ्या निवडा, त्याहून जास्त नकोत. दारू एकच ठेवा. ५० यार्डांवर टेकू देऊन सुरुवात करा, मग १०० वर जा. प्रत्येक बारानंतर एक ओलसर आणि एक कोरडी चिंधी फिरवा. ट्रिपल सेव्हनसारख्या दारूने गोळी बसते त्या जागी कडक वळं धरतं आणि पुढची गोळी त्यावर अडकते, तेव्हा तिथे चिंधी जास्त लक्ष देऊन फिरवावी लागते. तीन-तीन बारांचे गट काढा, पण त्याहून महत्त्वाचा बार म्हणजे स्वच्छ, थंड नळीतला पहिला. हरणावर तोच जाणार आहे. निरनिराळ्या दिवशी काढलेले असे पहिले बार एकाच कागदावर नोंदवत जा. व्हाइटटेलच्या काळीज-फुप्फुसांचा भाग साधारण आठ इंचांचा धरतात. मैदानावरच्या टेकूवरून तुमचे पहिले बार चार इंचांत बसत असतील तरच त्या अंतराला जंगलात मान्यता द्या. मचाणावर थंडी असते, श्वास चढलेला असतो, टेकू नसतो.

फुलणं पाहायला गॅलनचे पाण्याने भरलेले प्लास्टिकचे कॅन एकामागे एक ओळीत लावा, मागे मातीचा भक्कम बांध असेल अशाच जागी आणि मैदानाच्या मालकाची परवानगी घेऊन. कॅन जवळ ठेवून दारू कमी करण्यापेक्षा ते खऱ्या अंतरावर ठेवा, म्हणजे पायरी ३ मधले दोन्ही आकडे प्रत्यक्ष तपासले जातात: एकदा २५ यार्डांवर, एकदा तुमच्या कमाल अंतरावर. सापडलेली गोळी धुऊन ग्रेनच्या काट्यावर तोला आणि तिचा फुललेला व्यास मोजा. जवळच्या बाराला किती वजन गेलं आणि लांबच्या बाराला किती फुलली, हीच खरी तुलना. पाण्यात गोळी मांसापेक्षा जास्त फुलते, म्हणून पाण्यातही न फुललेली गोळी त्या अंतराला सरळ बाद करा.

पायरी ७: बनावटीप्रमाणे बार कुठे द्यायचा

हरीण आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने, शरीराच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या वरच्या सीमेवर नेम धरला की कुठलीही चांगली गोळी फुप्फुसांतून आरपार जाते. फरक पडतो तो कोन बदलला की. गोल गोळा किंवा चटकन फुलणारी हलकी गोळी असेल तर खांद्याचं हाड टाळा आणि तिरपा बार सोडून द्या. जड शंकूगोळी, बाँडेड किंवा तांब्याची गोळी असेल तर हरीण तिरपं, तुमच्यापासून दूर तोंड करून उभं असताना पलीकडच्या खांद्याच्या दिशेने नेम धरता येतो. समोरून तुमच्याकडे तोंड करून येणाऱ्या हरणावर मी कुठल्याच गोळीने बार देऊ नये असं म्हणेन. छातीची जागा अरुंद असते आणि जरा चुकलं की गोळी पोटात जाते.

गोळी पलीकडे बाहेर पडणं मला फार महत्त्वाचं वाटतं. मचाणावरून बार वरून खाली जातो, त्यामुळे बाहेर पडण्याचं भोक खाली येतं आणि रक्त जमिनीवर सांडतं. गोळी आतच राहिली तर रक्त छातीच्या पिंजऱ्यात साठतं आणि पाचोळ्यावर माग मिळत नाही. काळ्या दारूच्या धुराने बारानंतरचे पहिले क्षण काहीच दिसत नाही, तेव्हा आधीच एखादं झाड किंवा दगड खुणेला हेरून ठेवा. लगेच दुसरा बार भरा. मग किमान अर्धा तास हलू नका. केस आणि रक्त तपासा: फुप्फुसाचं रक्त फिकट लाल आणि फेसाळ असतं. हिरवट, वास येणारा द्रव असेल तर गोळी पोटात गेली आहे. तेव्हा सहा-आठ तास थांबून, शक्य असेल तिथे आणि राज्याची परवानगी असेल तर माग काढणाऱ्या कुत्र्याची मदत घ्या.

पायरी ८: मांस आणि शिसं

घरी लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर गोळीची निवड स्वयंपाकघरापर्यंत पोचते. २००८ मध्ये उत्तर डकोटात ७३८ लोकांच्या रक्ताची तपासणी झाली. शिकारीचं मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिशाचं प्रमाण न खाणाऱ्यांपेक्षा थोडं जास्त आढळलं. त्यानंतर तिथल्या आरोग्य विभागाने गरोदर स्त्रियांनी आणि सहा वर्षांखालच्या मुलांनी शिशाच्या गोळीने मारलेल्या हरणाचं मांस खाऊ नये असा सल्ला दिला. त्याच वर्षी मिनेसोटात मेंढ्यांच्या मृत शरीरांवर निरनिराळ्या गोळ्या झाडून क्ष-किरणांनी पाहिलं, तेव्हा शिशाचे कण जखमेपासून अनेक इंच दूर गेलेले दिसले. मझललोडरच्या गोळ्यांनी चटकन फुलणाऱ्या रायफलच्या गोळ्यांच्या मानाने कितीतरी कमी कण सोडले, पण अजिबातच नाही असं नाही.

म्हणून मुलाबाळांच्या घरात मी तांब्याचीच शिफारस करतो, फक्त पायरी ३ मधला पोचतानाचा वेग तिला पुरत असला पाहिजे. शिशाची गोळी वापरलीच, तर जखमेभोवतीचा रक्ताळलेला, गोठलेला भाग सढळ हाताने कापून टाका. त्यात थोडं चांगलं मांस गेलं तरी चालेल. तो भाग पाण्याने धुऊ नका, त्याने कण दूरवर पसरतात. फऱ्याला बार लागला असेल तर तो फरा खिम्याला देऊ नका, कारण यंत्रातून एक तुकडा अख्ख्या घाण्यात मिसळतो. व्यावसायिक खाटकाकडे हरीण देत असाल तर आपलंच मांस वेगळं दळून द्या असं आधी सांगा आणि पावतीवर लिहून घ्या. बरेच ठिकाणी दोन-तीन गिऱ्हाइकांचं मांस एकत्र दळतात, आणि मग तुम्ही तांब्याची गोळी वापरली असली तरी शेजाऱ्याच्या हरणातलं शिसं तुमच्या पिशवीत येतं.